शरद सरताना केदारकंठ्याच्या बर्फाळ जंगलात: निघण्यापूर्वीची तयारी

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातले सांकरी हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९२० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे केदारकंठा या शिखराची चाल जिथून सुरू होते, तिथेच सह्याद्रीतला भटका आपल्या ओळखीच्या साऱ्या उंचीच्या वर पोहोचलेला असतो, आणि माथा तर ३,८०० मीटरच्या आसपास आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मित्रांसह तिथल्या देवदार आणि खर्सूच्या (हिमालयातल्या ओकच्या) जंगलातून चालायचे असेल, तर तयारी सामानापासून सुरू न करता निर्णयांपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. थंडी आणि विरळ हवा यांचा परिणाम हातापायांइतकाच सारासार विचारावरही होतो आणि ज्याच्यावर तो होतो त्याला तो सहसा जाणवत नाही. त्यामुळे जे काही ठरवायचे ते घरी, उबेत आणि सर्वांच्या उपस्थितीत ठरवलेले असावे.

पहिली बैठक निघण्याच्या दीड-दोन महिने आधी घ्यावी आणि तीत प्रत्येकाने आपल्या प्रकृतीविषयी मोकळेपणाने सांगावे. दमा, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, चालू औषधे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, पूर्वी उंचीवर त्रास झाला होता का, हे सर्व गटातल्या निदान दोघांना ठाऊक असावे. गट सहा ते आठ जणांचा असेल तर एकमेकांवर लक्ष राहते. त्यातही दोन-दोन जणांच्या जोड्या ठरवाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे दिवसभर पाहत राहावे. जोडीदाराचे बोलणे जड होऊ लागले, बोटांना चेन लावता येईना, तो वारंवार अडखळू लागला किंवा विचारल्यावर तुटक उत्तरे देऊ लागला, तर शरीराचे तापमान घसरत असल्याची ती लक्षणे असू शकतात. थरथर थांबली आणि तरीही माणूस गरम झालेला नाही, तर परिस्थिती गंभीर आहे असे समजावे. गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर पांढुरका बधिर डाग दिसला, तर ती जागा न चोळता कोरड्या उबेने झाकावी.

याच बैठकीत परतीची वेळ ठरवून ती कागदावर लिहावी. या दिवसांत त्या भागात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचच्या आसपास मावळतो. दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारते आणि ऊन गेले की पारा झपाट्याने उतरतो. म्हणून रोजच्या चालीत दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठायचा, माथ्याच्या दिवशी ठरलेल्या वेळेला जिथे असू तिथून मागे फिरायचे, आणि गटातल्या एकानेही परत जायचे म्हटले तर त्याला एकटे न पाठवता सोबत द्यायची, हे तीन निर्णय सर्वांनी आधीच मान्य केलेले असावेत. वाटेची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावी. सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे गटातला एक अनुभवी माणूस असावा, आणि त्या मागच्या माणसाच्या मागे कोणीही राहू नये.

बर्फाबद्दलची कल्पना आधीच स्पष्ट करून घ्यावी. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांमुळे पडतो आणि ऋतूच्या या टप्प्यावर तो किती पडेल हे सांगता येत नाही. एखाद्या वर्षी जंगल कोरडे असते, एखाद्या वर्षी एका रात्रीत वाट दिसेनाशी होते. पण खरी अवघड अवस्था मधलीच असते. पातळ बर्फ दुपारी थोडा वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी देवदाराच्या सावलीतली वाट काचेसारखी होते. त्याखाली पाने, मुळे आणि सुटे दगड दडलेले असतात. खोल, भुसभुशीत बर्फात पाय रुततो पण घसरत नाही, या पातळ थरावर मात्र चांगला बूटही धरत नाही. त्यासाठी बुटांवर चढवायच्या साखळीच्या मायक्रोस्पाइकची जोडी प्रत्येकाकडे असावी आणि हातमोजे घालून ती चढवण्या-उतरवण्याचा सराव घरीच करावा. कोरडा खडक आणि गोठलेली वाट एकाच दिवशी आलटून पालटून येतात, तेव्हा हे काम अनेकदा करावे लागते. खोल बर्फाची शक्यता दिसली तर पोटऱ्यांवर बांधायचे गेटर घ्यावेत. पाण्याचे ओहोळ ओलांडताना दगडांवरचा पारदर्शक थर दिसत नाही, म्हणून प्रत्येक दगड काठीने तपासून मगच त्यावर पाय द्यावा.

बुटांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे आणि खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घ्यावेत. जाड लोकरी मोजा घातल्यावरही बोटे मोकळी हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे लवकर बधिर होतात. नवे बूट असतील तर त्यांना निदान महिनाभर आधीपासून सिंहगड, राजगड अशा वाटांवर पायात बसवून घ्यावे. जुने बूट असतील तर वेगळी काळजी घ्यावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षे कपाटात राहिलेल्या बुटांच्या तळव्यातला फोमचा थर आतून ठिसूळ होतो आणि वरून धडधाकट दिसणारा तळवा पहिल्याच मोठ्या चालीत सुटून येतो. म्हणून असे बूट दोन-तीन पूर्ण दिवसांच्या चालीत वापरून पाहिल्याशिवाय सोबत घेऊ नयेत, आणि तरीही सॅकमध्ये डक्ट टेपची छोटी गुंडाळी ठेवावी.

कपड्यांचा नियम एकच आहे आणि तो सर्वांनी कसोशीने पाळावा: अंगाला लागून सुती काहीही नको. सुती कापड घाम शोषून घेते, लवकर वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंगातली ऊब ओढून घेते. आतला थर लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट, आणि मुक्कामासाठी पिसांचे डाऊन जॅकेट अशी रचना ठेवावी. चालताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे योग्य आहेत असे समजावे. घाम येण्याआधीच एक थर उतरवावा आणि थांबल्यावर थंडी वाजण्याआधी तो चढवावा. डाऊन जॅकेट ओले झाले की निरुपयोगी ठरते, त्यामुळे ते चालताना शक्यतो घालू नये आणि सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावे. हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी, गळ्याभोवतीचा बफ आणि चालायच्या मोज्यांचे तीन जोड पुरेसे होतात. याखेरीज एक लोकरी मोज्यांचा जोड आणि एक आतला पोशाख केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा. बाकी सारे ओले झाले तरी तो चालताना बाहेर काढायचा नाही, हा नियम करावा.

झोपण्याच्या व्यवस्थेत स्लीपिंग बॅगइतकेच महत्त्व खालच्या कॅरीमॅटला द्यावे, कारण जमीन थंड हवेपेक्षा जास्त वेगाने ऊब शोषून घेते. ३,४०० मीटरच्या आसपासच्या तळावर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. उणे १० अंशांपर्यंत आरामदायक मानलेली बॅग घ्यावी आणि ती भाड्याने मिळणार असेल तर सांकरीत पोहोचल्यावर लगेच उघडून चेन, दोऱ्या आणि आतली भर तपासावी. झोपताना उकळते पाणी भरलेली मजबूत बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर रात्रभर आधार होतो आणि सकाळी तेच पाणी पिता येते. मोबाइल, पॉवर बँक, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या आणि चष्म्याऐवजी लेन्स वापरणाऱ्यांची द्रावणाची बाटली हे सर्व बॅगमध्ये अंगाजवळ घेऊन झोपावे. तंबूत शेगडी, कोळशाची अंगीठी किंवा स्टोव्ह कोणत्याही कारणाने पेटवू नये. बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. गटातल्या सर्वांत थंडी वाजणाऱ्या मित्रानेही ही सूट मागू नये.

उंचीचे गणित समजून घ्यावे. सांकरीहून पहिला मुक्काम बहुधा जुडा का तालाब इथे, सुमारे २,७७० मीटरवर असतो. चाल चारेक किलोमीटरचीच असली तरी चढ साडेआठशे मीटरचा आहे. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागली तर ती उंचीमुळेच आहेत असे धरून चालावे, लक्षणे असेपर्यंत अधिक उंचीवर झोपू नये आणि ती वाढली तर खाली उतरावे. सरळ रेषेत पावले टाकता येत नसतील, वागण्यात गोंधळ दिसत असेल किंवा स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागत असेल, तर रात्र असली तरी सोबतीने ताबडतोब उतरणे हाच उपाय आहे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या डायमॉक्सच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. कापराची पुडी अनेकजण हुंगत राहतात, पण तिने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. तिच्या भरवशावर लक्षणे अंगावर काढू नयेत. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत पूर्ण वर्ज्य कराव्यात.

थंडीत तहान कमी लागते, म्हणून दिवसाकाठी तीन-चार लिटर द्रव पोटात जाईल अशी आखणी करावी. नळीची पाण्याची पिशवी टाळावी, कारण नळीतले पाणी आधी गोठते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या आणि गटात दर दोघांमागे एक थर्मास घ्यावा. रात्री बाटली उलटी ठेवली तर बर्फ वर धरलेल्या तळाशी साचतो आणि तोंड मोकळे राहते. खाण्यासाठी आपल्याकडचे पदार्थ उत्तम आहेत: शेंगदाण्याचे लाडू, खजूर, राजगिऱ्याची वडी, भाजलेले फुटाणे आणि डिंकाचे लाडू, जे थंडीत घट्ट होतात पण तोंडात विरघळतात. चिक्की मात्र घरीच लहान तुकडे करून न्यावी. हे खाणे सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावे आणि भूक लागण्याची वाट न पाहता तासा-दीड तासाने थोडे थोडे खावे. रात्री खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत. हिमालयातले काळे अस्वल हिवाळ्यापूर्वीच्या याच दिवसांत खर्सूच्या जंगलात पोट भरण्यासाठी हिंडत असते.

प्रवासाचीही तयारी आहे. देहरादून ते सांकरी हे सुमारे २०० किलोमीटर अंतर मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी आणि नैटवाडमार्गे घाटरस्त्याने कापायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. हा परिसर गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे प्रवेशशुल्क, ओळखपत्र आणि त्याच्या दोन-दोन छायाप्रती जवळ ठेवाव्यात. रोख रक्कम देहरादूनलाच काढावी. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या सामानात आणि चालायच्या काठ्या जमा करायच्या सामानात ठेवाव्यात. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. परदेशातून येऊन सामील होणाऱ्या मित्राला एक गोष्ट आवर्जून कळवावी: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र किंवा उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे, ते घरीच ठेवून यावे. आखलेल्या दिवसांत एक दिवस मोकळा ठेवावा आणि परतीचे तिकीट त्यानंतरचे काढावे. बर्फाने रस्ता बंद झाला तर उतावीळ निर्णय घेण्याची वेळ येत नाही.

शरीराची तयारी दीड महिन्यात होते. आठवड्यातून चार दिवस पळणे किंवा वेगाने चालणे, दोन दिवस जिने चढणे, आणि रविवारी सात-आठ किलोंची सॅक पाठीवर घेऊन एखादा गड. पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत, बोलता येईल इतक्या श्वासात पळता येऊ लागले की पुरे. उतरण्याचा सराव विसरू नये, कारण गोठलेल्या उतारावर गुडघे आणि मांड्या चढापेक्षा जास्त थकतात.

वाटाड्या सांकरी किंवा शेजारच्या सौर गावातलाच घ्यावा, त्याचा मेहनताना आधी ठरवावा, त्याच्याकडेही बूट, चष्मा आणि उबदार कपडे आहेत याची खात्री करावी, आणि वाटेबद्दल त्याचा शब्द अंतिम मानावा. शेकोटीसाठी झाडाची फांदीही तोडू नये. खर्सूचे झाड फार सावकाश वाढते. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, वेष्टने हे सारे बंद पिशवीतून परत आणावे, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक जाड रिकामी पिशवी आधीपासून असावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी सांकरीत गटाचे सर्व सामान एकत्र मांडून जोडीदाराने जोडीदाराची सॅक तपासावी: हेडटॉर्च लागतो का, काळा चष्मा अतिनील किरणे अडवणारा आहे का, राखीव मोजे कोरड्या पिशवीत आहेत का. वाटेचा आराखडा, वाटाड्याचा क्रमांक आणि कोणत्या दिवसापर्यंत निरोप आला नाही तर ११२ वर कळवायचे, हे घरच्या एका माणसाला लिहून पाठवावे, कारण सांकरीच्या पुढे मोबाइलवर विसंबता येत नाही. परतीच्या प्रवासाचे कोरडे कपडे, चपला आणि थोडी रोख रक्कम एका पिशवीत बांधून, नाव लिहून, मुक्कामाच्या घरमालकाकडे ठेवावी.