पहिल्या खेपेचा फोन घेताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणारा माणूस घडीचा, म्हणजे मधोमध दुमडणारा, फोन घ्यायला गेला, तर दुकानात त्याला कॅमेरा दाखवतात, एआय दाखवतात, हप्ता किती बसेल ते सांगतात. बिजागरीत धूळ गेली तर काय, हा विषय कुणी काढत नाही. पहिल्या खेपेच्या, म्हणजे एखादी नवी गोष्ट पहिल्यांदाच आणणाऱ्या, फोनात पाहायचं असतं ते नेमकं हेच: कंपनीने पहिल्यांदाच वापरलेला भाग कोणता, आणि आपण जिथे काम करतो तिथे तो टिकेल का?

फक्त पाण्याचं रेटिंग वाचणं

सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये येणार होता. त्याआधी पत्रकारांना वापरून पाहायला दिलेले काही फोन दोन-चार दिवसांतच बिघडले. कुणी स्क्रीनचाच भाग असलेली वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली होती, तर कुठे बिजागरीजवळच्या फटीतून कचरा स्क्रीनखाली गेला होता. कंपनीने विक्री पुढे ढकलली, फटी झाकल्या, फिल्मची कड फ्रेमखाली नेली आणि सप्टेंबरमध्ये फोन बाजारात आणला. भारतात ऑक्टोबरमध्ये त्याची किंमत होती १,६४,९९९ रुपये.

पाण्यापासून संरक्षण मिळायला २०२१ चा तिसरा फोल्ड यावा लागला. त्याचं रेटिंग आयपीएक्स८. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं माप; त्यात पहिला आकडा धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. तिथे एक्स असेल तर धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाही. २०२४ च्या सहाव्या फोल्डला आयपी४८ मिळालं. त्यातला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठे कण आत जाणार नाहीत. हळदीची पूड त्याहून कितीतरी बारीक! धूळ पूर्ण अडवणारा आकडा ६ आहे आणि घडीच्या फोनात तो २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डवर दिसला. थोडक्यात, हळदीची अडत, पिठाची गिरणी, खडी क्रशर अशा ठिकाणी दिवस जात असेल, तर आयपी६८ वाला साधा, न दुमडणारा फोनच घ्या. घडीचा फोन कितीही देखणा असला तरी.

‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेणं

भारतात पहिले ५जी फोन फेब्रुवारी २०२० मध्ये विकायला आले. सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, तीही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. आयफोन १२ वाल्यांना तर त्यानंतरही डिसेंबरच्या अपडेटची वाट पाहावी लागली. ज्यांनी २०२० मध्येच ५जीसाठी म्हणून जास्तीचे पैसे मोजले, त्यांची वॉरंटी ५जी लागायच्या आधीच संपली होती.

उलटा प्रकारही असतो: आज लागणारी गोष्टच काढून टाकलेली असते. २०२५ चा आयफोन एअर घ्या. त्यात सिम घालायला जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनातच असलेलं, काढता न येणारं सिम. साताऱ्यात पोवई नाक्यावर राहणाऱ्याला फरक पडणार नाही. पण पाटण-जावळीच्या डोंगरात बॅटरी संपली की सिम काढून शेजाऱ्याच्या फोनात घालतात आणि काम भागवतात. ती सोय गेली.

पहिल्याच आठवड्यात घेणं आणि जुना फोन देऊन टाकणं

पहिला आयफोन जून २००७ मध्ये ५९९ डॉलरला आला, सप्टेंबरमध्ये ३९९ ला. ओरड झाल्यावर कंपनीने आधीच्या ग्राहकांना १०० डॉलरचं क्रेडिट दिलं. आपल्याकडे तेवढंही मिळेलच असं धरून चालू नका. एक्स्चेंजला दिलेला फोन परत मिळत नाही, म्हणून यूपीआय, बँकेचं ॲप आणि व्हॉट्सॲपचं बॅकअप नव्या फोनवर नीट चालेपर्यंत जुना घरात ठेवा. थोडी सूट बुडाली तर बुडू दे.

घेऊन झालाय, आणि त्रास देतोय?

सुरुवातीचे एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. डेटा उतरवून घेणं आणि ॲप अपडेट होणं चालू असतं. नंतरही तापत राहिला, तर चार्जिंग सावलीत करून पाहा. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्या वर असतो. बाईकच्या हँडलला फोन लावणं तर सोडाच: इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं.

घडीवर फिल्मखाली फुगा आला तर ती सोलू नका आणि आतल्या स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास बसवून घेऊ नका. गल्लीतला कारागीर हुशार असतो, पण पहिल्या खेपेचे सुटे भाग त्याच्याकडे नसतात. म्हणून खरेदीआधीच त्या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र साताऱ्यात-सांगलीत आहे, की कोल्हापूर-पुणे गाठावं लागेल, ते विचारून ठेवा.

खोकं, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहिलेलं बिल आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जपा. बदलून मिळण्याची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते, म्हणून तक्रार लेखी आणि लगेच करा. दुकानदार आणि सेवा केंद्र एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. तिथेही नाही जमलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.