छातीवरचं केलॉइड, लेझर आणि माझी टेप

मंगळसूत्राच्या वाट्या जिथे टेकतात, बरोब्बर तिथेच मला एक पुळी आली होती. खाजवून फोडली. महिन्याभरात तिथे गुळगुळीत, लालसर गाठ उठली आणि हळूहळू पसरायला लागली. घरात सगळे म्हणायचे, "मांस वाढलंय." सासूबाई सांगलीच्या, त्यामुळे हळदीचा लेप आलाच. गाठ तिथेच राहिली, ब्लाउजची अस्तरं तेवढी पिवळी झाली.

मी मिरजेत ब्लाउज शिवते. टेप सतत गळ्यात असते, म्हणून गाठीचंही माप घेतलं: सव्वा इंच. मग एका ठिकाणी ती कापून घेतली. टाके सुबक होते, टाक्यातलं मला कळतं. आठ महिन्यांनी टेप लावली तर दोन इंच! टाक्यांची भोकंसुद्धा फुगली होती. ही चूक तुम्ही करू नका. ही गाठ म्हणजे केलॉइड, जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण. केलॉइड होणाऱ्या कातडीला कापणं म्हणजे आणखी एक जखम. जखम भरताना शरीर कोलॅजन, म्हणजे कातडी सांधणारं प्रथिन, घालत सुटतं, थांबायचं त्याला कळत नाही. नुसतं कापून सोडलं तर निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांत ते परत येतं. कापायचंच असेल तर पाठोपाठ इंजेक्शनं किंवा एक-दोन दिवसांत रेडिएशन, असा पुढचा बेत आधी ठरलेला हवा. लेझरने जाळून काढलं तरी तीच गत होते.

म्हणून लेझरसाठी पैसे मोजण्याआधी तुमच्याकडे आहे ते केलॉइडच आहे का, हे स्किनच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. नुसता जाड व्रण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा आपोआप बसतो. केलॉइड शिवण ओलांडून बाहेर जातं. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी, जबडा या त्याच्या आवडत्या जागा. दंडावर बीसीजीची लस टोचलेल्या ठिकाणीही अनेकांना होतं. गाठ झपाट्याने वाढत असेल, तिच्यातून रक्त येत असेल, तर ती वेगळीच काही असू शकते. तिचा तुकडा तपासल्याशिवाय कोणी लेझर लावू म्हणालं तर उठून या.

आता मशीनबद्दल. "लेझर आहे" एवढ्यावर मान डोलवू नका, कुठला ते विचारा. मला डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. पल्स्ड डाय लेझर ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा असतो (हा आकडा प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचा). तो गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो, त्याने लाली आणि खाज कमी होते. पण आपल्या सावळ्या कातडीतला रंगच त्याचा बराच प्रकाश पिऊन टाकतो. परिणाम कमी आणि भाजल्याचे, काळे-पांढरे डाग पडायची भीती जास्त. दुसरा एनडी याग लेझर, १०६४ चा, जास्त खोल जातो आणि रंगाला त्यामानाने कमी छेडतो. तिसरा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड, १०,६०० चा. तो गाठीत सुईच्या टोकासारखी बारीक भोकं पाडतो. टणक गाठीत औषध शिरत नाही, ते या भोकांतून आत उतरतं. माझ्यासाठी हाच निवडला.

आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते, माझीही चुकली होती. गाठ बसवायचं मुख्य काम करतं ते ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड. लेझर त्याला वाट करून देतो. एका सेंटरमध्ये मला सहा सिटिंगचं पॅकेज देऊ केलं, इंजेक्शनाचं नावही नाही, वर "एकदम प्लेन होईल" म्हणाले. मी पर्स उघडलीच नाही.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं? साखर आहे का, कारण स्टेरॉइडने ती वाढू शकते. दिवस गेलेत का किंवा तसा विचार आहे का. विशेषतः फाइव्ह एफयू (फ्लुरोयुरासिल, गाठीत टोचायचं दुसरं औषध) देणार असतील तर हे सांगायलाच हवं, गरोदरपणात ते चालत नाही. मुरमांच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं. जमल्यास डबी-पाकिटंच पिशवीत घालून न्या. गाठीच्या एका कोपऱ्यावर आधी चाचणी करून घ्या आणि काही आठवडे डाग पडतो का ते बघा.

सिटिंगच्या दिवशी सुती, पुढून हुकचा, सैल ब्लाउज घाला. मंगळसूत्र घरीच ठेवा. (सासूबाईंशी यावरून अर्धा दिवस अबोला झाला. मी काळी पोत मनगटाला बांधून गेले, विषय संपला.) बधिर करणारी क्रीम लावून वर प्लॅस्टिक चिकटवतात आणि तासभर बसवतात. हा तास पूर्ण होऊ द्या, घाई केली तर भोगाल. मग डोळ्यांवर चष्मा. लेझर म्हणजे गरम तेलाचे बारीक शिंतोडे ओळीने उडत जावेत तसं. केस जळल्याचा वास येतो, तो धूर शेजारची नळी ओढून घेते. एवढं सोसतं. खरी कळ इंजेक्शनाची. टणक गाठीत दुधाळ औषध शिरायला तयार नसतं, डॉक्टरांचा अंगठा पांढरा पडतो. माझ्या तोंडून "आई गं" निघालं की डॉक्टर म्हणायच्या, "ताई, श्वास सोडा, धरून ठेवू नका." पहिल्या तीन वेळा इंजेक्शन दिलं. गाठ मऊ पडल्यावर लेझरनंतर तेच औषध वरून थेंब थेंब सोडायला लागल्या, तेव्हा हायसं वाटलं.

घरी आल्यावर सौम्य साबणाने धुवायचं, टिपून घ्यायचं, व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा. साधारण आठवड्यात खपल्या पडतात. नखाने काढायच्या नाहीत, ही सगळी कथा नखानेच सुरू झाली होती. पू, वाढती लाली किंवा ताप आला तर लगेच फोन करा. कातडी पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी: दिवसाचे निदान १२ तास, काही महिने. कापताना कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा ब्लाउजला घासून उचकटतो. एप्रिल-मेमध्ये घामाने पट्टी घसरते, खाली पुरळ येतं. मी दुपारी शिवणकामाच्या वेळी काढून ठेवायचे आणि रात्रभर लावायचे. रोज धुऊन, वाळवून पुन्हा तीच वापरता येते. उघड्या राहणाऱ्या भागाला सनस्क्रीन हवंच.

ब्लाउजचा गळाही बघा. गाठीवर काठ, लेस किंवा पाइपिंगची कड येऊ देऊ नका. गळा एक तर वर घ्या नाही तर खाली, आणि आतून मऊ मलमलचं अस्तर लावा. सततच्या घासण्याने गाठ चिडते.

सिटिंग चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी मी गाठीवर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून मार्करने कड आखायचे, पेपर कटिंगसारखी, आणि मागे तारीख टाकायचे. एकाच खिडकीत, एकाच वेळी फोटो. आरशावर विसंबू नका, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. गाठ आधी मऊ होते, मग खाज जाते, मग ती चपटी होते. लांबी-रुंदी सगळ्यात शेवटी हलते, हलली तर. माझी दोन इंचांची पावणेदोनच झाली, पण बोट फिरवलं तर उंचवटा जवळजवळ लागत नाही.

औषध जास्त झाल्याच्या खुणाही ओळखा: कातडी पातळ, खड्डा पडल्यासारखी, पांढुरकी, वर लाल बारीक रेषा. असं दिसलं की पुढची सिटिंग पुढे ढकलायला सांगा. माझी एकदा पाळी लांबली, मी घाबरले. ते त्या इंजेक्शनाने होऊ शकतं, हे मला विचारल्यावर सांगितलं. तुम्ही आधीच विचारा.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या नऊ सिटिंग झाल्या आणि दिवाळीच्या हंगामाची कमाई त्यात गेली. पॅकेज घेऊ नका, दर वेळी त्या वेळेचेच पैसे द्या, म्हणजे मध्येच थांबता येतं.

सध्या जागा तपकिरी आणि चकचकीत आहे. व्रण दिसतो, दिसणारच. गेल्या महिन्यापासून डाव्या कोपऱ्यात पुन्हा खाज सुटतेय. प्लॅस्टिक ठेवून बघितलं, कड एका दोऱ्याइतकी बाहेर आलीय. सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून दाखवायला जातेय.