मेलमधली बातमी आणि वहीतली एक ओळ

"मॅडम, कॉम्प्युटर चांगले चालू आहेत की. मग बदलायचे कशाला?" सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी मला हे विचारलं तेव्हा 2025चा जानेवारी होता, गड्ड्याची यात्रा भरली होती. मी माझी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. ओळ अशी होती: "14 ऑक्टोबर 2025, विंडोज 10चे मोफत सुरक्षा अपडेट बंद. टॉवेल कारखाना, नऊपैकी सहा कॉम्प्युटर. दिवाळीच्या तोंडावर." मालकांनी तारीख दोनदा वाचली. मग फेब्रुवारीपासून महिन्याला एक, असे जुलैपर्यंत सहाही कॉम्प्युटर बदलून झाले. एकरकमी खर्चाचा भार त्यांच्यावर पडला नाही.

ती तारीख मायक्रोसॉफ्ट कंपनीनं फार आधीच जाहीर केली होती. पण जाहीर झालेली गोष्ट त्या टेबलापर्यंत आपोआप येत नाही, कुणीतरी आणून द्यावी लागते. अशोक चौकाजवळ बसून मी व्यापाऱ्यांच्या तेवीस वेबसाइट आणि त्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते. हे आणून देण्याचं काम मी माझंच मानते, आणि त्यासाठी ईमेलवर येणारी न्यूजलेटरं, म्हणजे ठरावीक दिवशी येणारी बातमीपत्रं, मला सगळ्यात भरवशाची वाटतात. मोबाइलवर बातम्या सरकवत बसलं की तासभर जातो आणि हाताला काही लागत नाही. न्यूजलेटरला शेवट असतो. वाचून संपतं.

सुरुवात पत्त्यापासून करा. जीमेलमध्ये नवीन खातं काढायची गरज नाही. आपल्या पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह टाकून एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्याच खात्यात येतो. मी 'वाचन' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडला आहे आणि प्रत्येक न्यूजलेटरला हाच पत्ता देते. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडायचं (मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे मेल आपोआप वेगळा काढण्याचा नियम, तयार करता येत नाही), वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाची खूण दाबायची, 'प्रति'च्या रकान्यात तो जोडलेला पत्ता लिहायचा आणि फिल्टर तयार करायचा: इनबॉक्स टाळा, 'वाचन' हे लेबल लावा. झालं. आता गिऱ्हाइकाची तक्रार आणि अमेरिकेतली बातमी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

तिथेच सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट करून टाका. 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय निवडा. कित्येक मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं. आपण मेल उघडला की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि मेल उघडला गेला हे त्याला कळतं. चित्रं थांबवली की हे थांबतं. मजकूर तर तसाच दिसतो.

निवड करताना मात्र घाई नको. कुणी सांगितलं म्हणून नाव नोंदवू नका. बहुतेक न्यूजलेटरांचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर वाचायला मिळतात. मागचे तीन अंक वाचा आणि स्वतःला विचारा, यातलं काही वाचून मी माझ्या कामात एखादी गोष्ट केली असती का? तिन्ही अंकांत एकही नसेल तर ते न्यूजलेटर चांगलं असलं तरी आपल्यासाठी नाही. या चाळणीतून माझ्याकडे चार उरली. त्यातली तीन सांगते, कारण चौथं फक्त माझ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे.

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचं 'क्रिप्टो-ग्राम' 1998पासून निघतंय. महिन्यातून एकदाच, 15 तारखेला येतं. सुरक्षेबद्दल घाबरवून न सोडता, कुठली भीती खरी आणि कुठली फुगवलेली, हे हा माणूस नीट उलगडून सांगतो. पार्ट आणायला मी पुण्याला जाते तेव्हा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत हे वाचून होतं. एआयसाठी मी 'द बॅच' घेते, अँड्र्यू एंग यांच्या डीपलर्निंग डॉट एआयचं. दर आठवड्याला येतं, वर त्यांचं स्वतःचं पत्र असतं. वेळ नसेल तर मी तेवढं पत्रच वाचते. आपल्या देशातले नियम आणि धोरणं कळायला निखिल पाहवा यांनी 2008मध्ये सुरू केलेलं 'मीडियानामा'. नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानांत बिलासोबत मोबाइल नंबर लिहून घेतात. अशी माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली तर तिचं काय करायचं, हे 2023च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झाले. दुकानदाराला हे कोण सांगणार?

वाचायची वेळ ठरलेली हवी. बाबा मिलच्या भोंग्यावर उठायचे. माझा भोंगा सकाळी साडेसहाचा. अर्धा तास, चहाबरोबर. पाणी येण्याच्या दिवशी मात्र सुट्टी, त्या दिवशी टाकी भरणं आधी. राहिलेला अंक दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायला घ्यायचा नाही. आठवड्यापेक्षा जुना झाला की सोडून द्यायचा. मोठी गोष्ट असेल तर ती पुढच्या अंकात परत येतेच.

आता इंग्रजीचं. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालं, त्यामुळे ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. सगळा मेल मशीनकडून मराठीत करून घेऊ नका, तांत्रिक शब्दांचा पार चोथा होतो. इंग्रजीतच वाचा, अडलेले शब्द शोधा, आणि मग मेल बंद करून वहीत मराठीत एक ओळ लिहा: काय झालं, आपल्यापैकी कोणाकडे, कधीपर्यंत. ओळ जमली नाही तर आपल्याला ते समजलेलं नाही, परत उघडायचं. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी पहिल्या आठवड्यात पानभर लिहायची. "ताई, यातलं काय सोडू?" म्हणून विचारायची. मी म्हटलं, मालकांना फोनवर सांगताना जे सोडशील ते सगळं सोड. आता तिच्या ओळी माझ्यापेक्षा चांगल्या होतात.

या ओळीचं मोल मला 2025च्या सुरुवातीला कळलं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी (काही ब्राउझरमध्ये) कुलूप दिसण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं, ते लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, 90 दिवसांसाठी. मुदत संपत आली की त्यांचा आठवणीचा मेल यायचा. हे मेल 4 जून 2025पासून बंद होणार, असं न्यूजलेटरमध्ये वाचलं. मी तेवीसही साइट एकेक करून तपासल्या. चार साइटवर प्रमाणपत्र आपोआप नवं होतच नव्हतं, इतके दिवस त्या निव्वळ आठवणीच्या मेलवर चालल्या होत्या. तो मेल येणं थांबलं असतं, आणि एखाद्या सकाळी परदेशातल्या गिऱ्हाइकाला टॉवेलच्या फोटोंऐवजी धोक्याची सूचना दिसली असती.

महिन्याच्या शेवटी लेबल उघडून बघते. ज्याचे चार अंक न उघडता पडले आहेत, ते बंद. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच 'सदस्यत्व रद्द करा' दिसतं. 2024पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर प्रचाराचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय देण्याची अट घातली आहे. मात्र आपण कधीच नाव नोंदवलं नव्हतं अशा अनोळखी मेलच्या आतली तसली लिंक दाबू नका. तो थेट स्पॅममध्ये.

वहीच्या शेवटच्या पानावर सध्या तीन तारखा आहेत. कुठल्याही संस्थेनं दिलेल्या अशा प्रमाणपत्राची जास्तीत जास्त मुदत 15 मार्च 2026पासून 200 दिवस, 15 मार्च 2027पासून 100 आणि 15 मार्च 2029पासून 47 दिवस. खाली तेवीस साइटची नावं. एकोणीस नावांपुढे 'आपोआप' असं लिहिलंय, आणि त्या चार नावांपुढे आधीचं 'हातानं' खोडून मुलीनं हिरव्या पेननं 'आपोआप' केलंय.