नाजूक पोटाच्या बाळाचा डबा बदलताना

बाळाच्या पावडरच्या दुधाचा डबा बदलायचा ठरला की पहिलं काम एकच: जुन्या डब्यातला चमचा घराबाहेर. धुऊन बाटल्यांच्या स्टँडवर वाळत ठेवलेला, ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून जपलेला, तोच. एकदा त्याच चमच्यापायी सगळं बिनसलं, म्हणून यादी त्याच्यापासून सुरू होते आणि पुन्हापुन्हा त्याच्यावरच येणार आहे.

पण मुळात डबा बदलायची गरज आहे का, हे आधी बघा. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता, किती मिली, दूध टाकलं की जोरात उलटी केली, शी कशी, शू किती वेळा. शी करताना कुंथून लालबुंद होणारं बाळ शी मऊ करत असेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. लोह असलेल्या पावडरीने शी गडद हिरवट होते, तीही काळजीची नाही. दोन घोट टाकणारं पण वजन नीट धरणारं बाळ आजारी नसतं. आणि मोजून बघा, जास्त तर पाजत नाही ना? पहिल्या काही महिन्यांत दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली. चार किलोच्या बाळाला दिवसभरात ६००, आठ वेळा पाजलं तर दर वेळी ७५. याच्या दीडपट ओतून वर ‘पोट नाजूक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. अंगावरचं दूध येत असेल तर डब्याच्या नादात ते बंद करू नका.

आता प्रकार. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बाळदुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, डब्यावर बाळाचं चित्रही नसतं. मग निवड होते ती शेजारणीच्या नाहीतर औषधाच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून, आणि घोळ नेमका इथेच होतो. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं वेगळं; दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. जोराच्या जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोलवटतं, दुधातली साखर पचत नाही. शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस वासाची, कुल्ले लाल. तिथे डॉक्टर काही आठवडे लॅक्टोज-फ्री डबा देतात, अस्तर भरून आलं की परत नेहमीचा. जन्मापासून लॅक्टोज न पचणारं बाळ अगदी विरळा. ॲलर्जीत मात्र शीत आव किंवा रक्ताचे तंतू, हटता न हटणारा इसब, वारंवार उलट्या. तिथे लॅक्टोज-फ्री काही कामाचा नाही, कारण त्यात गाईच्या दुधाची प्रथिनं जशीच्या तशी असतात. बकरीचं, म्हशीचं दूधही नाही. प्रथिनं जवळपास तीच. सोया सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत, शिवाय काही बाळांना तोही सोसत नाही. लागतो तो ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला. ‘पार्शली’, म्हणजे अर्धवटच तुकडे केलेला, चालत नाही. दुकानदार ‘सारखंच आहे’ म्हणाला तरी घेऊ नका. चव कडवट असते, बाळ तोंड फिरवतं, शी हिरवट होते. ते धरूनच चाला. त्यानेही भागलं नाही तर अमिनो ॲसिडचा, म्हणजे प्रथिनं पार सुटी केलेला डबा, तो डॉक्टरच ठरवतील.

डबा आला. झाकण उघडा, त्यातलाच चमचा काढा, मापाचा तक्ता वाचा. भारतातल्या बहुतेक डब्यांत एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला. अमेरिकेतल्या मावशीने बॅगेतून आणलेल्या डब्यात बहुधा एक चमचा ६० मिलीला. तो मोठा चमचा ३० मिलीत पडला की दूध दुप्पट घट्ट: क्षार आणि प्रथिनांचा भार मूत्रपिंडावर, बाळाला तहान, बाळ रडतं, घरच्यांना वाटतं भूक लागली, की आणखी एक घट्ट बाटली. शी खड्यासारखी होते आणि दोष नव्या डब्याला. उलट झालं, छोटा चमचा ६० मिलीला, तर दूध निम्मं पातळ; वजन खुंटतं, रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. दोन्ही डबे ३० मिलीवाले असले तरी पावडर हलकी-जड असते, चमच्याची मापं जुळत नाहीत. म्हणून पुन्हा: त्या डब्याचा चमचा त्याच डब्यात. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, अर्धा चमचा हा प्रकार नाही.

आधी पाणी, मग पावडर. उलट केलंत तर पावडरीने व्यापलेली जागा पाण्यातून वजा होते. पाणी आरओचं असलं तरी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरा. पावडर निर्जंतुक नसते, जंतू त्या गरम पाण्यानेच मरतात. मग नळाच्या धारेखाली बाटली निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. डब्यावर प्रोबायोटिकसाठी, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंसाठी, कमी तापमान लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारा. साखर, मध, ग्राइप वॉटर, गुटी यातलं काहीही बाटलीत नाही.

नवा डबा सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी निकाल मागू नका. साध्या बदलाला आठवडा-दोन आठवडे, ॲलर्जीत दोन ते चार. एका वेळी एकच बदल. डबा, निपल आणि औषध एकदम बदललंत तर काय लागू पडलं ते कळणार कसं?

बाकीचं भराभर. बाटली, निपल उकळलेले. तयार दूध दोन तासांत, तोंडाला लावलेलं तासाभरात, उरलेलं ओतून द्या. उघडलेल्या डब्यावर तारीख टाका, महिन्यात संपवा. हिरवी उलटी, शीत रक्त, खोल गेलेली टाळू, शू कमी, लांब उडणारी उलटी, तीन महिन्यांच्या आत ताप: डबा बाजूला, दवाखाना गाठा.

आजीकडे किंवा पाळणाघरात ठेवताना डबा द्या आणि चमचा आतच आहे हे उघडून दाखवा. त्यांच्याकडे आधीच्या बाळाचा एखादा पडलेला असतोच. तो मागून घ्या.