स्पोर्ट्स कार्डांची ऑनलाइन खरेदी-विक्री: फोटोपासून पार्सलपर्यंत

स्पोर्ट्स कार्ड म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, हौशी लोक जमवतात ते छोटं कार्ड. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं फ्लिअर कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड या छंदातलं सगळ्यांत ओळखीचं कार्ड असेल. जानेवारी २०२१ च्या शेवटी अमेरिकेतल्या गोल्डिनच्या लिलावात या कार्डाच्या ‘पीएसए १०’ दर्जाच्या (म्हणजे पीएसए या तपासणी कंपनीने दहापैकी दहा दिलेल्या) दोन प्रती प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरना विकल्या गेल्या. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, अगदी तसल्याच प्रतींचा भाव निम्म्याच्याही खाली आला. कार्ड तेच, दर्जा तोच, खेळाडूची कीर्तीही तीच. हा बाजार कसा चालतो हे शिकायला म्हणूनच हे कार्ड फार चांगलं आहे आणि पुढे उदाहरण म्हणून ते वारंवार येईल.

या व्यवहारांची सगळ्यांत मोठी पेठ म्हणजे ईबे हे खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ. फॅनॅटिक्स कलेक्ट, सीओएमसी, थेट प्रक्षेपणातून विक्री करणारं व्हॉटनॉट अशी इतर ठिकाणंही आहेत, पण ईबेवरचा व्यवहार कळला की बाकीचे कळायला वेळ लागत नाही. एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: पैसे आधी जातात, कार्ड नंतर हातात येतं. फोटोत दिसणारं कार्ड आणि पाकिटातून निघणारं कार्ड यांत जितका कमी फरक, तितका व्यवहार चांगला. खरेदी करणाऱ्याने आणि विकणाऱ्याने घ्यायची बहुतेक सगळी काळजी याच एका कामासाठी असते.

आधी कार्ड नेमकं कोणतं ते ठरवा

कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला कंपनीचं नाव, कार्डाचा क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. वर्ष बघताना घाई नको. मागच्या आकडेवारीतलं शेवटचं वर्ष आणि संच बाजारात आल्याचं वर्ष वेगळं असू शकतं. वर्ष, कंपनी, संच, क्रमांक आणि खेळाडू ही पाच माहितीची टोकं जुळली की कार्ड ओळखलं असं समजायचं.

नव्या कार्डांत आणखी एक गुंता असतो. एकच फोटो, एकच क्रमांक, पण किनार चंदेरी, निळी किंवा सोनेरी अशा अनेक आवृत्त्या निघतात. त्यांना पॅरलल म्हणतात. काहींवर ‘२३/९९’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे त्या आवृत्तीच्या एकूण ९९ प्रती निघाल्या आणि ही त्यांतली तेविसावी. साधी आवृत्ती दोन डॉलरची आणि मोजक्या प्रतींची दोनशेची, असं सर्रास होतं. विक्रेत्याने शीर्षकात काय लिहिलंय यावर विसंबू नका, फोटोतला आकडा स्वतः वाचा.

जॉर्डनच्या बाबतीत तर सारख्या दिसणाऱ्या वस्तूंची रांगच आहे. त्याच संचाबरोबर ११ स्टिकर आले होते. त्यांतला आठव्या क्रमांकाचा स्टिकर जॉर्डनचा आहे. तोही मोलाचा आहे, पण ते ५७ क्रमांकाचं कार्ड नव्हे. पुढे १९९६-९७ मध्ये फ्लिअरनेच मूळ कार्डाच्या धर्तीवर एक अधिकृत पुनर्मुद्रण काढलं. आणि नकली प्रती तर उदंड आहेत. ‘रिप्रिंट’ हा शब्द शीर्षकात न टाकता वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकणारे विक्रेते भेटतात, म्हणून वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचंच.

घरात जुनी पेटी सापडली असेल आणि कार्डं साधारण १९८७ ते १९९३ या काळातली असतील, तर अपेक्षा बेताची ठेवा. त्या वर्षांत कंपन्यांनी प्रचंड छपाई केली आणि लोकांनीही ती जपून ठेवली. १९८९ चं अपर डेक कंपनीचं, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड फार लाडकं आहे, तरी मुबलक मिळतं. याउलट टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल संचाची गोष्ट. उरलेले खोके १९६० मध्ये होडीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवल्याची हकीकत टॉप्सचे साय बर्गर स्वतः सांगत. त्याच संचातलं मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं.

भाव काढा, पण विकल्या गेलेल्या कार्डांवरून

नवख्या माणसाची सगळ्यांत मोठी फसगत इथे होते. ईबेवर शोध घेतला की दिसतात त्या मागितलेल्या किमती. कुणीही काहीही मागू शकतो. शोधाच्या फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ निवडा. आता दिसतील त्या खरोखर झालेल्या विक्री. तुमच्याच कार्डाच्या, तुमच्याच दर्जाच्या शेवटच्या पाच-दहा विक्री बघा, त्यांतली एखादी विचित्र वरची किंवा खालची बाजूला ठेवा, आणि तारखा नीट वाचा. जॉर्डनच्या कार्डाने दाखवलं तसं, सहा महिन्यांपूर्वीचा भाव आज निरुपयोगी असू शकतो. खेळाडूचा हंगाम चालू असताना भाव चढतो, दुखापत झाली की उतरतो. नव्या खेळाडूंच्या बाबतीत हे फार वेगाने होतं.

आणखी एक खाच. ‘बेस्ट ऑफर’ स्वीकारून झालेल्या विक्रीत ईबे मागितलेली किंमत खोडून दाखवतं, प्रत्यक्ष किती मिळाले ते दाखवत नाही. तो आकडा ‘१३०पॉइंट’ या संकेतस्थळावर बघता येतो. विक्रेत्याशी घासाघीस करण्याआधी तिथे एक नजर टाकावीच.

कार्डाची अवस्था वाचायला शिका

चार गोष्टी बघतात: छपाई मध्यावर आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का, आणि पृष्ठभागावर ओरखडे, सुरकुत्या, ठसे आहेत का. जॉर्डनच्या कार्डाची किनार लाल, पांढरी आणि निळी आहे. रंगीत किनारीवर जराशी कपची उडाली तरी आतला पांढरा कागद डोळ्यांत भरतो, आणि त्या संचाची छपाई बऱ्याचदा एका बाजूला सरकलेली आहे. म्हणूनच या कार्डाच्या हजारो प्रती तपासल्या जाऊनही ‘पीएसए १०’ तीनशेच्या थोड्याच वर आहेत.

पीएसए, बेकेट, एसजीसी या कंपन्या पैसे घेऊन कार्ड तपासतात, १ ते १० मध्ये दर्जा देतात आणि कडक प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून परत पाठवतात. न तपासलेल्या कार्डाला बाजारात ‘रॉ’ म्हणतात. महागडं कार्ड पहिल्यांदाच घेत असाल तर रॉ घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. नकली जॉर्डन ओळखायला भिंगाखाली छपाई बघावी लागते. जुन्या मूळ छपाईत रंग ठिपक्यांनी बनलेले दिसतात, पण काळी अक्षरं सलग असतात. नकलेत बहुधा अक्षरंही ठिपक्यांची निघतात. फोटोवरून हे कळणं जवळजवळ अशक्य आहे.

स्लॅब म्हणजे मात्र डोळे मिटून विश्वास नव्हे. या व्यवसायातला सगळ्यांत बोलका दाखला बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या कार्डाचा आहे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं ते कार्ड पीएसएने १९९१ मध्ये तपासलं, ८ दर्जा दिला, आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक होता १. हॉकीपटू वेन ग्रेट्झकी त्याचा एक मालक होता. पुढे ते लाखो डॉलरना हात बदलत गेलं. त्याच्या कडा कापून सरळ केल्याची कबुली बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दिली. कडा कापल्याने कोपरे पुन्हा टोकदार दिसतात, म्हणून हा प्रकार होतो. आजकालचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचाचं असतं. रॉ कार्ड हाती आल्यावर त्याच संचातल्या दुसऱ्या साध्या कार्डावर ठेवून बघा. जरा लहान भरलं तर शंका घ्या.

स्लॅब घेताना त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. खेळाडू, वर्ष आणि दर्जा जुळतो का ते बघा. तिथे फोटो असेल तर छपाईचा कल, कोपऱ्यावरचा ठिपका अशा खुणाही पडताळा, कारण खरा क्रमांक टाकून बनवलेल्या नकली स्लॅबही बाजारात फिरतात.

खरेदी करताना

विक्रेत्याचे जुने अभिप्राय वाचा, विशेषतः कार्डांच्या विक्रीबद्दलचे. मोबाइलची कव्हरं विकून शंभर टक्के चांगले अभिप्राय मिळवलेला विक्रेता आणि दहा वर्षं कार्डं विकणारा विक्रेता यांत फरक आहे. फोटो धूसर असेल तर चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता देतो. टाळाटाळ झाली तर ते कार्ड सोडून द्या, दुसरं येतंच.

लिलावात स्वतःची कमाल रक्कम आधी कागदावर लिहा, त्यात टपालखर्च आणि कर धरा, आणि ती एकदाच, लिलाव संपायच्या शेवटच्या काही सेकंदांत टाका. ईबे तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवतं, त्यामुळे पूर्ण रक्कम द्यावी लागेलच असं नाही. दोन दिवस आधीपासून बोली लावत राहिलं की नुसता भाव चढतो, आणि विक्रेत्याचाच कुणी साथीदार खोट्या बोलीने तुम्हाला वर ढकलू शकतो. बरेच अमेरिकन विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपवतात. पुण्यात किंवा नागपुरात तेव्हा सोमवारची सकाळ असते.

‘बाहेरून पैसे पाठवा, पाचशे कमी करतो’ असा निरोप आला तर नाही म्हणा. ईबेचं खरेदीदार-संरक्षण फक्त ईबेतून पैसे दिले तरच मिळतं, आणि पेपालवर मित्रांना पैसे पाठवायच्या पर्यायाने दिलेल्या रकमेला संरक्षण नसतं. महागड्या कार्डांसाठी ईबेने जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र तपासणीची सोय सुरू केली. विक्रीच्या नोंदीवर तशी निळी खूण दिसली तर कार्ड आधी तपासणाऱ्यांकडे जातं, मग तुमच्याकडे. ती खूण असलेली प्रत थोडी महाग पडली तरी घ्यावी. पार्सल उघडताना पाकिटावरच्या पत्त्यापासून सलग व्हिडिओ काढा.

थेट प्रक्षेपणात पेट्या फोडून कार्डं वाटणारे ‘ब्रेक’ बघायला मजेदार असतात, पण तिथे पैसे नशिबावर लावले जातात. ज्यांना अमुकच कार्ड हवं आहे त्यांनी ते सुटं विकत घ्यावं.

विकताना

आधी ठरवा की तपासून घ्यायचं का. साधं गणित आहे: ९ दर्जा मिळाल्यावर येणारी किंमत, वजा तपासणी आणि विमा-टपालाचा खर्च, ही रॉ किमतीपेक्षा जास्त असेल तरच पाठवा. १० मिळेल असं धरून हिशेब मांडू नका. ९ आणि १० मध्ये भाव कित्येक पटींनी बदलतो, आणि घरच्या उजेडात निर्दोष वाटलेलं कार्ड तज्ज्ञाच्या दिव्याखाली सहज ९ वर थांबतं.

फोटोसाठी काळं किंवा करडं कापड, खिडकीचा उजेड, आणि कार्ड प्लास्टिकमधून बाहेर. पुढून, मागून, चार कोपरे. दोष असेल तर त्याचा वेगळा, जवळचा फोटो टाका आणि वर्णनात शब्दांत लिहा. ओरखडा दाखवून विकलेलं कार्ड परत येत नाही. लपवून विकलेलं येतं, आणि त्याबरोबर वाईट अभिप्रायही.

शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात वर्ष, संच, खेळाडू, क्रमांक, पॅरलल, रूकी (खेळाडूच्या पहिल्या हंगामाचं कार्ड) असल्यास तसं, आणि दर्जा एवढंच लिहा. ‘अप्रतिम’, ‘दुर्मीळ’ असे शब्द कुणी शोधत नाही. सतत विकल्या जाणाऱ्या कार्डाला लिलाव चालतो. ज्याचे ग्राहक मोजके, अशा कार्डाला ठरावीक किंमत लावून ऑफर स्वीकारायची सोय ठेवा आणि थांबा. लिलावात एकच बोलीदार आला तर चांगलं कार्ड मातीमोल जातं. ईबेचं शुल्क साधारण १३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते टपालखर्च धरून एकूण रकमेवर लागतं, हे किंमत ठरवतानाच धरा.

बांधणी मन लावून करा. कार्ड आधी पातळ पेनी स्लीव्हमध्ये, मग कडक प्लास्टिकच्या खोळीत, म्हणजे टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरचं तोंड निळ्या पेंटर टेपने बंद करा आणि टेपचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडताना झटापट होत नाही. साधी चिकटपट्टी मुळीच नको, तिचा गोंद कार्डापर्यंत पोहोचतो. मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून बबलच्या पाकिटात. अमेरिकेतल्या अमेरिकेत २० डॉलरपर्यंतच्या कार्डाला ईबेचं स्वस्त, माग काढता येणारं पाकीट चालतं. ७५० डॉलरच्या वरच्या पार्सलला पोचपावतीवर सही घेतलीच पाहिजे, नाहीतर ‘मिळालं नाही’ या तक्रारीत विक्रेता हरतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदीच्या पावत्या जपाव्यात. वर्षभराहून अधिक काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूवरच्या नफ्याला तिथे कमाल २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि नफा मूळ किमतीच्या पुराव्यावरूनच ठरतो.

भारतातून व्यवहार करायचा असेल तर

ईबेचं भारतातलं संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. अमेरिकन संकेतस्थळावरून खरेदी करता येते, पण टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. स्वस्त कार्डावर हा खर्च कार्डापेक्षा जास्त होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून पाच-सात कार्डं एकत्र मागवणं शहाणपणाचं. अमेरिकेत पाठवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे. शुल्क कोण भरणार ते विक्रीच्या नोंदीत स्पष्ट लिहा.

क्रिकेटची कार्डं हा आपल्याकडच्यांना जवळचा भाग. फ्युटेरा कंपनीची नव्वदच्या दशकातली सचिन तेंडुलकरची कार्डं, टॉप्सची आयपीएलची क्रिकेट अ‍ॅटॅक्स कार्डं अनेक घरांत पडून असतील. त्यांची विक्री कमी होते, त्यामुळे जुन्या व्यवहारांचा भरवशाचा आकडा सहसा मिळत नाही. अशा वेळी ठरावीक किंमत थोडी चढी ठेवा, ऑफर येऊ द्या, आणि पहिल्याच आठवड्यात आलेल्या पहिल्याच ऑफरला होकार देऊ नका.