गाडी दारात येण्याआधी: घरच्या चार्जिंगसाठी वायरिंगची तयारी

गीझर 3 किलोवॅटचा असला तरी तो 15-20 मिनिटं चालतो. इलेक्ट्रिक कारचा पोर्टेबल चार्जरही जवळपास तेवढीच वीज ओढतो, पण रात्री 11 ला लावला की सकाळी 7 पर्यंत ओढतच राहतो. ‘गीझर चालतो त्या पॉइंटवर गाडीही चालेल’ हे वायरमनचं लाडकं वाक्य इथंच फसतं. तार, स्क्रू आणि सॉकेट गरम होऊन पुन्हा थंड व्हायला गीझर उसंत देतो. गाडी ती देत नाही. म्हणून बुकिंगची रक्कम भरल्यावर डिलिव्हरीपर्यंत जे दिवस मिळतात, ते वायरिंगसाठी वापरावेत.

पहिलं काम बसल्या जागी होतं. विजेचं बिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे, तो बघा. मग चार्जरची पाटी बघा. स्कूटरचा चार्जर बहुधा 1 किलोवॅटच्या आतबाहेर असतो. कारचा 3 पिनांचा पोर्टेबल चार्जर 15 अँपिअरवर सुमारे 3.3 किलोवॅट घेतो, तर भिंतीवरचा 32 अँपिअरचा चार्जर 7.2 किलोवॅट. आता कागदावर बेरीज करा: दीड टनाचा एसी दीड किलोवॅट, गीझर 2, पाण्याची मोटर पाऊण, वर कारचा 3.3. झाले साडेसात. बिलावर मंजूर भार 3 किलोवॅट असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा. महावितरण असो, मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी असो, अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. 7.2 किलोवॅटचा चार्जर लावायचा असेल तर थ्री फेज जोडणीची चौकशी त्याच फेरीत करून टाका. स्वतःच्या गाडीसाठी घरगुती मीटर चालतो, मात्र युनिट वाढून बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, हे महिन्याच्या हिशेबात धरा. आणि रोज 40-50 किलोमीटर फिरणाऱ्याला 32 अँपिअरचा चार्जर लागतच नाही. 3.3 किलोवॅटवर रात्रभरात त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतराची भरपाई होते.

दुसरं काम टेप घेऊन करायचं. मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत तार ज्या वाटेनं जाणार, ती वाट मोजा. सरळ रेषेतलं अंतर मोजू नका, भिंतीची चढउतार धरा. गाडीचं चार्जिंगचं तोंड पुढे आहे की मागच्या बाजूला, हे शोरूममध्येच बघून ठेवा. नाहीतर सॉकेट एका टोकाला आणि गाडीचं तोंड दुसऱ्या, मग एक्स्टेंशन बोर्डचा मोह होतो. एक्स्टेंशन या कामात अजिबात चालत नाही, नियमानंही नाही. सॉकेट फरशीपासून किमान 800 मिलिमीटर उंच हवं. तळपार्किंगमध्ये पावसाचं पाणी शिरत असेल तर मागच्या पुराची खूण बघून त्याच्याही वर घ्या.

आता तार. चार्जरसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डातून स्वतंत्र सर्किट काढायचं, मध्ये एकही जॉइंट नको. 15 अँपिअरसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते असं दुकानदार सांगेल, आणि पुस्तकी तक्त्यात ते बसतंही. पण मीटर पार्किंगपासून 30 मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर तार होते. 2.5 ची तार तिथं 7 व्होल्टच्या वर गिळते, म्हणजे रात्रभर 100 वॅटचा दिवा पाइपाच्या आत जळत ठेवल्यासारखं. 4 ची तार घेतली तर घट साडेचार व्होल्टवर येते. म्हणून 15-16 अँपिअरला 4 चौरस मिलिमीटर, 32 अँपिअरला जवळच्या अंतरात 6 आणि 25-30 मीटरच्या पुढे 10. अर्थची तारही फेजएवढीच जाड घ्या. बारीक हिरवी तार ओढून पैसे वाचवणारे बरेच भेटतील. 30 मीटरच्या वाटेसाठी लाल, काळी, हिरवी प्रत्येकी 34-35 मीटर धरा. 90 मीटरच्या एका बंडलात तिन्ही बसतील असा हिशेब केलात तर बोर्डात वळवायला तार उरत नाही आणि नको तो जॉइंट येतोच. तारेवर आयएसआय चिन्हासोबत आयएस 694 छापलेलं असावं. जुन्या इमारतीत आतली तार ॲल्युमिनियमची असेल तर तिला तांब्याची तार पिळून जोडू नका. तो सांधा गंजतो, सैल होतो आणि तापतो.

बोर्डात दोन गोष्टी लागतात. एक एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप उडणारा स्विच: 15 अँपिअरच्या चार्जरला सी कर्व्हची (सुरुवातीच्या क्षणिक झटक्यानं न उडणारी) 20 अँपिअरची, पण तार 4 ची आणि त्या सर्किटवर सॉकेट एकच असेल तरच. 16 ची एमसीबी मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात तासन्‌तास 15 अँपिअर वाहून वाहून मध्यरात्री उडते आणि सकाळी गाडी 40 टक्क्यांवर सापडते. 32 अँपिअरच्या चार्जरला 40 ची. दुसरी आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच: 30 मिलिअँपिअरची, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी, आणि टाइप ए. दुकानात न सांगता मिळते ती बऱ्याचदा टाइप एसी. गाडीच्या चार्जरमधून गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटचा, अंश असू शकतो. त्यानं टाइप एसीचा आतला गाभा आंधळा होतो आणि ऐन वेळी आरसीसीबी उडतच नाही. टाइप ए सुद्धा 6 मिलिअँपिअरपर्यंतचाच सपाट डीसी सोसते, म्हणून भिंतीवरच्या चार्जरच्या माहितीपत्रकात 6 मिलिअँपिअर डीसी संरक्षण आत दिलंय का ते बघा. नसेल तर टाइप बी लागते, आणि ती बरीच महाग असते. या सर्किटचा न्यूट्रल घरातल्या इतर न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका. मिसळला की आरसीसीबी विनाकारण उडत राहते, आणि वैतागून कोणीतरी तिला बायपास करतं.

सॉकेटवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण जळतं ते बहुधा तेच. हिशेब सोपा आहे. पिन आणि सॉकेटची पत्ती यांच्यात 0.1 ओहमचा रोध तयार झाला, तर 15 अँपिअरवर साडेबावीस वॅट उष्णता तिथंच निर्माण होते. हा जवळपास रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नचा आकडा. ते सॉकेटात खुपसून 8 तास ठेवलं तर प्लास्टिकचं काय होईल? आधी पिनेचा पितळी रंग तांबूस-काळा पडतो, मग सॉकेटचं भोक पिवळं होतं, माशासारखा जळका वास येतो, आणि पत्तीची स्प्रिंग मऊ पडून पकड आणखी ढिली होते. म्हणून मॉड्युलर पट्टीतलं शोभेचं सॉकेट नको. एसीसाठी वापरतात ते जाड पत्तीचं 16 अँपिअरचं मेटलक्लॅड (धातूच्या पेटीतलं) घ्या, किंवा चार्जर कंपनी परवानगी देत असेल तर निळं इंडस्ट्रियल. तार बारीक पदरांची असेल तर टोकाला पिन लग (धातूची छोटी टोपी) दाबून बसवून मगच स्क्रूखाली द्या. टोकाला शिसं लावून कडक करण्याची जुनी सवय इथं घातक आहे, कारण शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, हे टेस्टरनं बघून घ्या. तापलेली पिन आढळली तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुना खराब भाग नव्याला महिन्याभरात खराब करतो.

अर्थिंगची तयारी सर्वात आधी सुरू करा, कारण तिथंच खोदकाम आहे. जुन्या घरांत अर्थची तार सॉकेटपर्यंत असते आणि पुढे भिंतीत कुठंतरी संपते. वायरमन फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा दिवा लावून दाखवतो, दिवा लख्ख लागतो, आणि सगळे समाधानी. पण तो दिवा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी ओढतो. अर्थचा रोध 20 ओहम असला तरी जेमतेम 9 व्होल्ट पडतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. फेज थेट गाडीच्या पत्र्याला लागला तरी त्याच 20 ओहममधून साडेअकरा अँपिअरच जातो, म्हणजे 20 ची एमसीबी ढिम्म हलणार नाही. म्हणून अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा आणि आकडा लिहून घ्या. 5 ओहमच्या खाली आला तर उत्तम. जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाइप अडीच मीटर खोल घालून भोवती कोळसा-मीठ, किंवा 3 मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि केमिकल, दोन्ही चालतं. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण लागतो, तिथं एका खड्ड्यात आकडा येत नाही. मग रॉडच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवून दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा. मोजणी शक्यतो उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत कुठलाही अर्थ चांगलाच दिसतो.

अर्थ खराब असला की चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसतो. तेव्हा एक जुगाड सुचवला जातो: सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्यानं जोडायचे. दिवा लगेच हिरवा होतो. पण मीटरजवळ किंवा खांबावर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या पंख्या-दिव्यांतून परत येणारा फेज त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नाही. ओल्या पायानं दार उघडायला जाणारा माणूस ती वाट होतो. हे सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक फाइल तयार करावी लागते. समितीला लेखी अर्ज द्या. त्यात वीज स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून घेणार, केबल अमुक वाटेनं जाणार, काम परवानाधारक ठेकेदार करणार, एवढं आलं की अर्ध्या शंका मिटतात. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत आर्मर्ड (पोलादी कवच असलेली) केबल किंवा जाड पाइप घ्या. घुशी आणि उंदीर साधी केबल पावसाळ्याभरात कुरतडतात. आवारातून जमिनीखालून न्यायची असेल तर पाऊण मीटर खोल, वाळूचा थर आणि वर विटा.

उघड्यावरच्या पेटीत केबल खालूनच आत घ्या, ग्लँड (भोक घट्ट बंद करणारी चकती-नट) लावून. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून निथळतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, त्यासाठी मुख्य बोर्डात टाइप 2 चा एसपीडी (विजेची उसळी अर्थकडे वळवणारं साधन) बसवा आणि त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा आखूड ठेवा. लांब तारेचा एसपीडी नावापुरताच. तरीही गडगडाट जवळ आला की प्लग काढलेला बरा. चार्जरचं सर्किट इन्व्हर्टरच्या लाइनवर गेलेलं नाही ना, तेही बघा.

स्कूटरची बॅटरी काढून घरात नेत असाल तर ती दाराजवळ, जिन्याखाली किंवा गादीवर नको. फिरवून आणल्यावर थंड होऊ द्या, मग लावा.

काम संपलं की चार्जर न लावता 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं) तारांची इन्सुलेशन तपासून घ्या. नव्या वायरिंगमध्ये आकडा 1 मेगओहमच्या कितीतरी वर यायला हवा. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तिथल्या तिथं उडाली पाहिजे. पहिलं चार्जिंग रात्री नको, सुटीच्या दिवशी दुपारी लावा. अर्ध्या तासानं आणि पुन्हा दोन तासांनी सॉकेटच्या बाजूला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा. गाडीच्या स्क्रीनवरून करंट 10 अँपिअरवर आणता येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तेवढ्यावर भागवा. टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) हाताशी असेल तर करंट मोजून एमसीबीच्या दाराच्या आत तारखेसह लिहून ठेवा, शेजारी अर्थचा आकडाही. महिन्याभरानं मेन स्विच बंद करून बोर्डातले आणि सॉकेटातले सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, एकही अर्धा आटा फिरला तर पुढच्या महिन्यात परत.