शुगर उतरली पण वजन चढलं? दोन्ही आकडे एकत्र कसे सांभाळायचे

डायबेटिस निघाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत माझी शुगर छान खाली आली आणि वजन मात्र साडेतीन किलो वाढलं. गोड बंद, चालणं सुरू, मग हे किलो आले कुठून? डॉक्टर म्हणाले कमी खा. अजून काय कमी खाऊ, हवा? खरं कारण मला बरंच उशिरा कळलं, म्हणून आधी तेच सांगते.

रक्तातली शुगर साधारण 180 च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, उरलेली लघवीवाटे जाते. म्हणजे खाल्लेल्या कॅलरी चक्क बाहेर. त्यामुळे उपचाराआधी काही न करता वजन घटतं, लोक विचारतात काय करतेस गं, आणि आपण खूश. औषध सुरू झालं की ही गळती थांबते, खाणं तेवढंच राहतं, मग वजन वाढणारच. तेव्हा शुगर 250-300 असताना वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, डॉक्टरकडे जा. (मी आकडे मिलिग्रॅममध्ये लिहितेय, तुमचं मशीन मिलीमोल दाखवत असेल तर माझ्या आकड्याला 18 ने भागा.)

आता पहिलं काम. डाएट प्लॅन नंतर, आधी गोळ्यांची पाकिटं काढा आणि नावं वाचा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढू शकतं. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही, थोडं कमीच होतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन शुगर मुद्दाम लघवीतून काढतात, त्यामुळे वजन थोडं उतरतं, आणि सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनने भूकच कमी होते. स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही, पण डॉक्टरना सरळ विचारायचं की मला वजन कमी करायचंय, यातलं काही बदलता येईल का. मी हा प्रश्न विचारायलाच दोन वर्षं घालवली.

आणि इथेच सगळ्यात मोठी गडबड होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना आपण जोशात जेवण निम्मं करतो, डोस मात्र तोच. मग शुगर पडते. मला एकदा रात्री तीनला जाग आली ती घामाने, हात थरथरतायत, फ्रीजचं दार उघडं टाकून मी जमिनीवर बसून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला, वर जॅम चमच्याने. सकाळी शुगर 260. दिवसभर वाचवलेल्या कॅलरी पंधरा मिनिटांत परत आल्या आणि वर व्याज. त्यामुळे खाणं कमी करण्याआधी डोसचं बोलून घ्या, नंतर नाही.

शुगर 70 च्या खाली गेलीच तर मोजून 15 ग्रॅम पटकन चढणारी साखर घ्यायची: तीन-चार ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा अर्धा कप फळांचा रस, किंवा तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ती पंधरा मिनिटं फार जड जातात, शरीर ओरडत असतं खा खा म्हणून, म्हणून मी गोळ्यांची नळी उशाशी ठेवते, म्हणजे स्वयंपाकघरात जायलाच नको. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स.

मोजायचं कसं, तर जोडीने. नुसती उपाशीपोटी मोजून काही कळत नाही, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. बऱ्याच जणांना जेवणाआधी 80 ते 130 आणि नंतर 180 च्या आत असं टार्गेट देतात, तुमचं वेगळं असू शकतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा, फळ कापलेल्या बोटाने मोजलं तर आकडा खोटा वर येतो (मी यावरून एकदा रडलेय). मग तेच जेवण दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलून: आधी भाजी आणि डाळ किंवा अंडं, भात शेवटी. माझ्याकडे दोन तासांचा आकडा 214 वरून 171 वर आला, भात तेवढाच.

ताटाचं गणित सोपं आहे, अर्धं ताट भाज्या (बटाटा त्यात धरायचा नाही), पाव ताट प्रोटीन, पाव ताट भात किंवा ब्रेड. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, स्नायू साखर ओढून घेतात. आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि दोन-तीन दिवस वजनं किंवा रबर बँड, कारण वजन उतरताना स्नायूही जातात आणि ते गेलेले परवडत नाहीत.

वजनकाटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पाच टक्के उतरलं तरी शुगरमध्ये फरक दिसतो, म्हणजे 80 किलोला 4 किलो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात टाइप 2 वाल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा डायबेटिस एका वर्षात औषधाशिवाय आटोक्यात आला होता, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत कमी कॅलरीच्या आहारावर होते, घरी मनाने उपाशी राहून नव्हे. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना उपास किंवा कार्ब एकदम बंद तर करूच नका, शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन्स (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर लगेच हॉस्पिटल.

एचबीए1सी दर महिन्याला करायची गरज नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, ही टेस्ट दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, 7 म्हणजे सरासरी 154 च्या आसपास. मी दर तीन महिन्यांनी करते आणि वहीत त्याच ओळीत त्या दिवशीचं वजन आणि चालू डोस लिहिते, डॉक्टरसमोर तेवढं एकच पान उघडते.